ताण किती दिवस द्यायचा?

(अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर पाच विषय आहेत. उसाचे बिल, मोसंबीचा भाव, विजेचे वेळापत्रक, अतिवृष्टीच्या मदतीच्या याद्या हे चार विषय पाहून कोणी काही बोलले नाही. पाचवा विषय वाचून मात्र काही जणांनी विचारले, "मनाचे आजार हा डॉक्टरांच्या सभेतला विषय. तो आपल्या सभेत कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही.

आधी आकडे. विभागीय आयुक्तांच्या अहवालाप्रमाणे २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. बीड जिल्ह्यात २६९, आपल्या जालना जिल्ह्यात ७४. चौऱ्याहत्तर म्हणजे सरासरी पाच दिवसाला एक. आपली ही बैठक तीन महिन्यांनी भरते असे धरले, तर दोन बैठकांच्या मधल्या काळात अठरा-एकोणीस घरांतला कर्ता माणूस जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साली देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० लोकांच्या आत्महत्या नोंदल्या. त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. देशभरातल्या आकड्यात निम्म्याहून अधिक शेतमजूर आहेत, हे आपण नेहमी विसरतो. आणि ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, ती जन्मभर शेतात राबली तरी कागदावर बहुतेक वेळा गृहिणी म्हणूनच मरते.

आता आक्षेप. आक्षेप असा, की शेतकरी मरतो तो भावामुळे आणि कर्जामुळे. मनाचा आजार म्हटले की सरकार सुटले, बँक सुटली, व्यापारी सुटला. दोष कोणाचा, तर मेलेल्याच्या डोक्याचा. हा संशय उगाच आलेला नाही. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवले. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक आत्महत्येनंतर गावात साहेब येतो आणि विचारतो, पीत होता का, घरात भांडण होते का, डोक्यावर परिणाम होता का. राज्य सरकारची आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत २००५-०६ पासून आहे. तिच्यासाठी जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या संस्थेचे, तगादा होता की नव्हता, हे तपासतात. प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. दारू किंवा आजार असे कारण कागदावर आले की फाईल अपात्रतेकडे झुकते, हे तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून घरची माणसे माणूस जिवंत असतानाच त्याचे दुखणे लपवतात. उद्या काही झाले तर पोरांचे नुकसान नको, हा हिशेब त्यांच्या मनात असतो. म्हणजे मेल्यावर मिळणाऱ्या लाखाच्या धाकाने जिवंत माणसाचा इलाज राहून जातो.

भावांनो, ही पेच सोडवायची असेल तर एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो. तिथे शिकलेलेच सांगतो, आणि ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोसंबीचा बहार धरायचा तर बागेला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचे. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत जास्त दिवस. पाने मलूल झाली, काही गळू लागली, की ताण पुरे झाला. मग एकदम पाट फोडायचा नाही. आधी हलके पाणी, म्हणजे आंबवणी. मग चिंबवणी. मग नेहमीच्या पाळ्या. असा बेताचा ताण झाड सोसते आणि फुलावर येते. पण २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात बागांच्या बागा उभ्या वाळल्या. वीस-वीस वर्षे जपलेल्या झाडांना आपल्याच हाताने कुऱ्हाड लावावी लागली. त्या वेळी कोणी असे म्हणाले का, की झाडाचे मन कमकुवत होते? पाणी नव्हते म्हणून झाड गेले, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पण त्याच शिवारात काही झाडे वाचली. कोणी टँकरने पाणी आणले, कोणी बुडाशी पाचट पसरले, कोणी फांद्या छाटून झाडाचा भार हलका केला. पाऊस पाडणे कोणाच्याच हातात नव्हते. झाड वाचवणे थोडेफार हातात होते.

माणसाचेही असेच आहे. ताण कशाने आला, त्याचे उत्तर भावात आहे, कर्जात आहे, पावसात आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने कापूस आणि सोयाबीन डोळ्यांदेखत कुजले, तेव्हा ज्याला झोप आली नाही त्याच्या डोक्यात बिघाड नव्हता. पण तो ताण महिनोन्‌महिने राहिला तर शरीरात आणि मेंदूत खरोखरीचे दुखणे तयार होते, हेही तेवढेच खरे आहे. त्या दुखण्यावर इलाज आहे. भावाचा लढा चालू ठेवायचा आणि दुखण्याचा इलाजही करायचा, यात विरोध नाही. इलाज करून घेणारा शेतकरी सरकारला माफ करत नाही. तो पुढच्या मोर्च्याला जिवंत असतो, एवढेच.

आता दुखणे ओळखायचे कसे? आपल्याकडे कोणी म्हणत नाही, की मला नैराश्य आले आहे. आपला माणूस म्हणतो, डोके जड झाले. जीव घाबरतो. कशात मन लागत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. तो अंगदुखीची गोळी आणतो, सलाईन लावून घेतो, आणि पुन्हा आठ दिवसांनी तसाच. रात्री दोनला जाग येते ती पहाटेपर्यंत. जेवणावरची वासना उडते. रानात जाणे बंद होते, गेला तरी बांधावर बसून राहतो. पारावर येणारा माणूस यायचा थांबतो. दारू न पिणारा पिऊ लागतो, पिणारा वाढवतो. असे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज चालले, तर ते नुसते वाईट वाटणे नाही, आजार आहे असे समजून डॉक्टर गाठायचा. काहींना कानात आवाज येतात, कोणी आपल्या वाईटावर आहे असे वाटते, दोन-दोन रात्री झोप नाही आणि बोलणे थांबत नाही. तेही आजारच. त्यातही इलाजाने फरक पडतो.

यापुढची काही चिन्हे मात्र त्याच दिवशी धावायची आहेत. माणूस सहज बोलल्यासारखे म्हणतो, "माझ्या मागे पोरांचे बघा." आवडते जनावर कोणाला तरी देऊन टाकतो. कागदपत्रे काढून बायकोच्या हाती ठेवतो. लांबच्या बहिणीला भेटून येतो, काम काही नसते. आणि कधी कधी फार दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होतो. घरच्यांना वाटते, सुटला बिचारा काळजीतून. तिथे गाफील राहायचे नाही.

अशा वेळी काय करायचे? पहिली गोष्ट, विचारायचे. आपल्याकडे समज आहे, की आत्महत्येचा विषय काढला तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसे होत नाही. यावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि त्यांचा निष्कर्ष एकच आहे. विचारल्याने विचार रुजत नाही, उलट माणसाच्या छातीवरचे ओझे उतरते. विचारणारा ओळखीचा हवा आणि जागा एकट्याची हवी. चारचौघांत, हसत हसत नाही. असे बोलता येईल:

"अण्णा, आठ दिवस झाले, तुम्ही पारावर येईनात. रात्री झोप लागते का?"

"कशाची झोप."

"अण्णा, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. जीव द्यावा असे मनात येते का?"

अण्णा गप्प बसले तर आपणही गप्प बसायचे. उठून जायचे नाही. हो म्हणाले तर घाबरायचे नाही, ओरडायचे नाही. म्हणायचे, "सांगितले ते बरे केले. आज मी इथेच मुक्कामाला आहे. सकाळी दोघे मिळून दवाखान्यात जाऊ."

काय बोलायचे नाही, तेही लक्षात ठेवा. "पोराबाळांचा विचार कर." तो दुसऱ्या कशाचाही विचार करत नाही, म्हणून तर त्याची ही अवस्था आहे. "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले." "मर्दासारखा मर्द असून रडतोस काय?" ही वाक्ये धीर देण्यासाठी म्हटली जातात आणि तोंड बंद करून जातात. कर्ज फेडायचा मार्ग त्याच रात्री सुचवण्याचीही गरज नाही. त्या रात्रीचे काम एकच, माणसाला एकटे सोडायचे नाही आणि घरातले विष दूर करायचे.

विषाबद्दल आम्ही शेतीचा माणूस म्हणून वेगळे बोलणार आहोत. ज्या वस्तूची शिफारस आमच्यासारख्या कृषी पदवीधरांनी गावोगाव केली, तीच वस्तू घराच्या आढ्याला टांगलेली असते. जीव द्यायची लहर अनेकदा थोड्या काळाची असते. काही तास, कधी काही मिनिटे. तेवढ्या वेळात विष हाताशी नसेल तर बरीच माणसे वाचतात आणि पुढे जगतात. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत मोडत होते. तिथल्या सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशके एकेक करून बंद केली. पुढच्या वीस वर्षांत ते प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आले, आणि धान्याचे उत्पादन त्यामुळे घटले नाही. त्याच देशात १८० गावांत आणखी एक प्रयोग झाला. घरोघर औषध ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. २०१७ साली निकाल आला, की नुसत्या पेटीने फरक पडला नाही. यातून काय शिकायचे? कुलूप घरात आणि किल्लीही घरात असेल तर उपयोग थोडा. औषध घरात साठलेलेच नको. म्हणून आमचे सांगणे आहे: फवारणीपुरतेच आणा, उरलेले ठेवू नका. राहायच्या घरात तर अजिबात नको. ज्या घरात माणूस अस्वस्थ आहे, तिथले औषध शेजाऱ्याने आपल्याकडे न्यावे. कृषी सेवा केंद्रवाल्याला फवारणीचा हंगाम नसताना कोणी एकटा, घाईत, नेहमीच्या पिकाला न लागणारे औषध मागताना दिसला, तर त्याने दोन शब्द बोलावेत आणि घरी फोन करावा. आणि सर्वांत जहाल औषधे बाजारातूनच जावीत, ही मागणी शेतकऱ्यांच्या संघटनेने करायची आहे. कारखानदार ती करणार नाहीत.

कोणी काही घेतलेच, तर घरगुती उपाय करत बसू नका. उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, डबा किंवा पुडी सोबत न्या, आणि डॉक्टरला खरे सांगा. इथे लोक पोलीस केसला भितात आणि "चुकून पोटात गेले" म्हणतात, त्यात उपचाराचा वेळ जातो. म्हणून कायदा ऐका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, तो २०१८ पासून लागू झाला. त्याचे ११५ वे कलम म्हणते, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून चालायचे, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. जुन्या दंडविधानातले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आलेलेच नाही. दवाखान्यात नोंद होईल, पोलीस जबाब घेतील. पण वाचलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणून उभे करता येत नाही. हे गावातल्या पोलीस पाटलाला आणि सरपंचालाही सांगा.

आता जायचे कुठे? राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. पण घाबरू नका, दहातल्या नऊ जणांना मनोरुग्णालयात भरती व्हावे लागतच नाही. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांची तपासणी होते, औषधे मिळतात. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१५ साली राज्य सरकारने मराठवाड्यातले सगळे आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, कोण किती अडचणीत आहे ते ओळखायचे, आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे पाठवायचे, अशी योजना आहे. ही योजना आपल्या गावात चालते की फक्त रजिस्टरमध्ये, हे तपासणे ग्रामसभेचे काम आहे. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ हा फोन आहे. 'टेलिमानस' त्याचे नाव. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. नाव सांगायची सक्ती नाही. हा आकडा आजच्या बैठकीतून जाताना प्रत्येकाने लिहून न्यावा, आणि डेअरीच्या, सोसायटीच्या, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लिहावा.

औषधांबद्दल दोन शब्द. नैराश्याचे औषध घेतले की दुसऱ्या दिवशी बरे वाटत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. युरिया टाकला तरी पान हिरवे व्हायला दिवस लागतात, तसेच हे. तोवर माणूस म्हणतो, काही उपयोग नाही, आणि गोळी सोडतो. पुढे बरे वाटू लागले की पुन्हा म्हणतो, आता कशाला, आणि सोडतो. दोन्ही वेळा धोका आहे. डॉक्टर सांगेल तेव्हाच आणि तशीच हळूहळू गोळी कमी करायची. नैराश्याच्या नेहमीच्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. देवाला जायचे असेल, दर्ग्यावर जायचे असेल, जा. माणसाला तिथे धीर मिळतो. पण अंगारा घेऊन गोळी बंद करायला कोणी सांगितले तर ऐकू नका, आणि साखळीने बांधून ठेवणाऱ्या ठिकाणी तर माणूस नेऊच नका. दारूचे दुखणे असेल तर तोही आजारच. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. तिथून बाहेर पडून आपापल्या गावी नीट जगणारी माणसे महाराष्ट्रभर आहेत.

कोणी म्हणेल, डॉक्टर जालन्याला आणि आम्ही गोदाकाठी. रोज कोण जाईल? यासाठीच पुढची गोष्ट सांगायची आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. गावातल्याच माणसांना शिकवले, की दुखणे कसे ओळखायचे आणि ऐकून कसे घ्यायचे. त्यांच्या मागे समुपदेशक, आणि त्याच्या मागे डॉक्टर. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले चार जण इलाजाला पोचत होते. दीड वर्षाने सत्तावीस पोचू लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शंभरी पाचवरून अडीचवर आले. २०१७ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात आदिवासी गावांमध्ये 'आत्मीयता' नावाने असेच काम झाले, तिथेही गावचेच स्त्री-पुरुष पुढे आले. आणि लांबचे उदाहरण हवे तर आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचे घ्या. तिथे देशभरात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच मानसोपचारतज्ज्ञ. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून म्हाताऱ्या आज्यांना शिकवले आणि दवाखान्याच्या अंगणात एक बाक टाकला. माणसे येतात, आजीजवळ बसतात, बोलतात. २०१६ साली त्याची कसोशीने तपासणी झाली. सहा महिन्यांनी आजीच्या बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत नैराश्याची लक्षणे उरली होती. इतरांत ती ५० टक्क्यांत होती. बाक झिंबाब्वेत आहे. आपल्याकडे पार आहे, ओटा आहे, आणि आज्याही आहेत.

मायबहिणींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. घरातल्या पुरुषाचे बिघडलेले मन सर्वांत आधी बाईला कळते, आणि ती सांगायला गेली तर ऐकावे लागते, की नवऱ्याला वेडा ठरवायला निघाली. तिचे स्वतःचे दुखणे तर कोणी विचारतच नाही. बाळंतपणानंतर रडू आवरत नाही, त्याला नखरे म्हणतात. बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्याचा दिवस उजाडला की तिच्या पोटात गोळा येतो. आणि ज्या घरात माणूस गेला, तिथे तेरावा झाला की पाहुणे पांगतात, पाठोपाठ तगादेवाले येतात. त्या घरात सहा महिने कोणी ना कोणी जात राहिले पाहिजे. वारस नोंद, सातबारा, पेन्शन, पोरांची फी ही कामे सोबत जाऊन करून दिली, की तोच तिला मोठा आधार. तिच्या मनाचा इलाज तिथूनच सुरू होतो.

ऊसतोड मजुरांचेही तसेच. दिवाळीनंतर कोपीत राहायला आलेल्या माणसाला गाव नाही, आशाताई नाही, पार नाही. उचल फिटत नाही, लेकरू आजारी, मुकादम दारात. हंगामात कारखान्याच्या आवारात त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस डॉक्टर आणि समुपदेशक बसला पाहिजे. इथे अंकुशनगरला हे करता येण्यासारखे आहे. टोळ्या इथेच येतात, ट्रॅक्टरवाले इथेच थांबतात, ऊस घालणारा शेतकरीही इथेच येतो.

आता तगाद्याबद्दल. ताण कमी करायचा तर तो जिथून येतो तिथे हात घातला पाहिजे, आणि त्यासाठी नियम आपल्या बाजूचे आहेत. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळाले पाहिजे, नाही तर पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. हातात कोणत्या तारखेला पैसा येणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याला रात्री झोप लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेचा किंवा फायनान्सचा वसुलीवाला सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. मायक्रोफायनान्सवाल्याला तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर मनाई आहे, आणि कर्जदाराचे नाव जाहीर करणे, नातेवाईकांना त्रास देणे हेही त्याला बंद आहे. बिनपरवाना सावकाराची तक्रार २०१४ च्या कायद्याखाली सहायक निबंधकाकडे करता येते. एकट्या माणसाला हे जमत नाही, त्याची जीभ टाळ्याला चिकटते. पाच जण सोबत गेले की साहेब खुर्ची देतो.

म्हणून आजच्या बैठकीपुढे आमचे म्हणणे असे ठेवतो.

एक. प्रत्येक शाखेने गावातून दोन माणसे निवडावीत, एक बाई आणि एक पुरुष. ज्याच्याजवळ बोललेले बाहेर जात नाही, असा लौकिक असलेली. भाषण करणारा नको, ऐकणारा हवा.

दोन. या दोघांनी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटावे, जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांची तपासणी कोणत्या दिवशी असते ते माहीत करून घ्यावे, आणि पहिल्या खेपेला आजारी माणसासोबत स्वतः जावे. एसटीचे भाडे शाखेने द्यावे.

तीन. अंबडच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेहमीची औषधे, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी. प्रेरणा प्रकल्पाचा गाववार हिशेब मागावा.

चार. मदतीच्या एक लाखाच्या प्रकरणात आजारपणाची चिठ्ठी सापडली म्हणून कुटुंब अपात्र ठरवू नये. कर्जाने आजार होतो, आणि आजाराने कर्ज खोटे ठरत नाही. ही मागणी झाली तरच घरची माणसे उघडपणे इलाजाला येतील.

पाच. आपल्या कोणत्याही सभेत, पत्रकात, मेलेल्या शेतकऱ्याला हुतात्मा म्हणून मिरवू नये. त्याच्या दारात राग जरूर व्यक्त करावा, पण मरणाने मागणी पुरी होते असे कोणा पोराच्या मनात भरेल असे एक वाक्यही बोलू नये. आपल्याला फोटोला हार घालायला माणसे नको आहेत, हाताला हात लावायला हवी आहेत.

हे काम दिसणारे नाही. मोर्च्याला किती आले ते मोजता येते, वाचलेला माणूस मोजता येत नाही. तो सकाळी उठून धारा काढायला जातो आणि गावाला काही कळतही नाही. आम्हाला तेवढे पुरे आहे. यात पैसा लागतो तो थोडा, वेळ लागतो तो जास्त, आणि वेळ देणे आपल्या हातात आहे. ताण किती दिवस द्यायचा, हे सरकार आणि बाजार आज आपल्याला विचारून ठरवत नाहीत. ते ठरवण्याचा हक्क मिळवण्यासाठी आपण लढतोच आहोत. तोवर एकमेकांच्या बुडाशी पाणी घालत राहू. आंबवणी आपल्यालाच करायची आहे.

इथे बसलेल्यांपैकी कोणाला आज स्वतःबद्दलच काही ओळखीचे वाटले असेल, तर त्याने बैठक संपल्यावर थांबावे. आम्ही शेवटची गाडी निघेपर्यंत इथेच आहोत. आणि ज्याला थांबायला संकोच वाटेल त्याने रात्री १४४१६ लावावा. पलीकडे माणूसच बोलतो.

आता प्रत्येक तालुक्याने आपापल्या दोन-दोन नावांची यादी करायला बसावे.